निमताना

आमच्या भूमी अभिलेख खात्यात निमताना नावाचा एक प्रकार असतो. मोजणीदाराने जमीन मोजली, हद्दीच्या खुणा दाखवल्या, नकाशाची 'क' प्रत हातात ठेवली, आणि तरी खातेदाराला ती मोजणी पटली नाही, तर तो पुन्हा फी भरून फेरमोजणी मागतो. मग वरचा माणूस येतो, तो निमतानदार. त्याच बांधावरून तो पुन्हा मोजतो. पंचवीस-सव्वीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजतोय. शंकू साखळी, प्लेन टेबल, ईटीएस आणि आता रोव्हर, सगळं झालं. माझ्या कामावर कोणी निमताना लावला की मला आतून राग यायचा. मी काय डोळे मिटून मोजलं होतं का?

गेल्या वर्षी मी स्वतःच निमताना मागितला. जमिनीचा नव्हे, माझ्या पोटातून काढलेल्या गाठीचा.

आधीचं थोडक्यात सांगतो. मी कळव्यात राहतो, खारेगावात. शी काळी व्हायला लागली, डांबरासारखी चिकट, आणि मी ती महिनाभर अंगावर काढली. मग कळवा स्टेशनचा जिना चढताना मध्येच बसावं लागलं. हिमोग्लोबिन निघालं ६.१. तोंडातून दुर्बीण घातली, खालून घातली, दोन्हीकडे काही सापडेना. दोन बाटल्या रक्त चढवलं आणि सीटी काढला. तेव्हा गाठ दिसली ती लहान आतड्यात, जेजुनममध्ये, म्हणजे दोन्ही दुर्बिणी पोचत नाहीत त्या मधल्या मुलखात. ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. फूटभर आतडं आणि त्याच्यासकट गाठ. सर्जन राउंडला आले तेव्हा म्हणाले, "अख्खी निघाली. आता तुम्ही मोकळे." आठव्या दिवशी घरी आलो.

मोकळा काही झालो नाही. बाराव्या दिवशी बायोप्सीचा रिपोर्ट आला आणि त्यात एक चार अक्षरी नाव होतं. जीआयएसटी, डॉक्टर लोक त्याला नुसतं 'जिस्ट' म्हणतात. गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. मुरबाडहून भाऊ भेटायला आला होता. त्याने कागद लांब धरून वाचला आणि म्हणाला, "दादा, आता आजारालापण जीएसटी?" ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसलो. टाके दुखले.

पुढचे पंधरा दिवस येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारायचा, "किमो कधीपासून?" शेजारच्या काकूंनी तर केस जाणार म्हणून आधीच सांत्वन केलं. त्यांना समजावून सांगता सांगता मलाच तो आजार पाठ झाला. आतड्याला ठरावीक ठेका असतो, त्याच्या लाटा पुढे सरकतात म्हणून अन्न सरकतं. तो ठेका धरणाऱ्या पेशी आतड्याच्या भिंतीत असतात, त्यांना काहाल पेशी म्हणतात. जिस्टचं मूळ त्या पेशींच्या कुळात. आतड्याच्या आतल्या अस्तरातून होणारा नेहमीचा कॅन्सर वेगळा, हा वेगळा. दहा लाख लोकांत वर्षाला साधारण दहा ते पंधरा जणांना होतो. आणि याच्यावर नेहमीचा किमो जवळजवळ चालतच नाही, शेक, म्हणजे रेडिएशन, देऊनही फारसं साधत नाही. १९९८ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की यातल्या बहुतेक गाठींत 'किट' नावाच्या जनुकात बिघाड असतो. बटण चालू स्थितीतच अडकून बसल्यासारखं. ते बटण बंद करून धरणारी गोळी म्हणजे इमॅटिनिब. मूळची ती रक्ताच्या एका कॅन्सरवरची. २००० साली फिनलंडमध्ये जिस्टच्या एका बाईला ती पहिल्यांदा दिली आणि तिच्या गाठी आटल्या. हे सगळं मुलीने शोधून सांगितलं. ती बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरात एक अर्धवट फार्मसिस्ट असला की किती धीर येतो आणि किती डोकं खातो, ते त्या दिवसांत कळलं.

आता मुद्द्याचं. गाठ निघाली होती. दिसणारं काही उरलं नव्हतं. मग गोळी घ्यायची कशासाठी? न दिसणारं काही राहिलं असेल तर त्यासाठी. आणि ते राहिलं असण्याची शक्यता किती, ते चार गोष्टींवरून ठरवतात. गाठ किती मोठी, कुठे होती, ऑपरेशनच्या वेळी फुटली का, आणि तिच्यातल्या पेशी किती वेगाने दुभंगत होत्या. या शेवटच्या गोष्टीला मायटोटिक काउंट म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली, दुभंगताना पकडलेल्या पेशी चक्क एक-एक करून मोजतात.

माझ्या रिपोर्टात होतं: आकार ६.४ × ५.१ × ४ सेंमी. सीडी ११७ पॉझिटिव्ह, डॉग १ पॉझिटिव्ह, या जिस्टच्या ओळखीच्या खुणा. कडा मोकळ्या. मायटोसिस ७ / ५० एचपीएफ. खाली ठळक अक्षरांत, हाय रिस्क.

गाठ फुटली नव्हती याची खात्री मी स्वतः करून घेतली. डिस्चार्ज कार्डावर तसं काही नव्हतं, म्हणून हॉस्पिटलात दोन खेपा घालून ऑपरेशन नोटची प्रत मिळवली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, एवढं कोणी मागत नाही." तिला काय सांगणार, पंचनाम्याशिवाय आमची फाइल हलत नाही. नोटमध्ये स्पष्ट होतं, आवरण शाबूत. जिस्ट फुटली असेल तर बाकीचे आकडे कितीही चांगले असोत, धोका वरच्या वर्गात जातो. म्हणून ही एक ओळ हातात असलेली बरी.

नौपाड्यात एक मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट मॅडम बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. त्यावर अमेरिकेतल्या सैन्याच्या पॅथॉलॉजी संस्थेचा तक्ता होता, २००६च्या सुमाराचा. इमॅटिनिब यायच्या आधीच्या जमान्यात ज्यांची नुसती गाठ काढली होती त्यांचं पुढे काय झालं याचा हिशोब. एकट्या लहान आतड्याच्या या भागातलेच ९०६ रुग्ण. पाच ते दहा सेंटिमीटरची गाठ, मायटोसिस पाचाच्या वर, तर आजार पुढे वाढल्याचं प्रमाण ८५ टक्के.

"तीन वर्षं रोज ४०० मिलिग्रॅमची एक गोळी," त्या म्हणाल्या. "यात फार विचार करण्यासारखं नाही. पण दोन गोष्टी आधी करा. स्लाइड आणि ब्लॉक टाटाला दाखवून घ्या, जिस्टचा रिपोर्ट एकाच डोळ्यावर सोडू नये. आणि म्युटेशनची टेस्ट, जनुकातला बिघाड नेमका कोणता ते बघायला. एक बदल असा असतो की त्यावर ही गोळी घेतली काय नि पाणी प्यायलं काय, सारखंच."

वेळ किती आहे, मी विचारलं. ज्या अभ्यासावर ही तीन वर्षं ठरली त्यात ऑपरेशननंतर बारा आठवड्यांच्या आत गोळी सुरू केली होती. माझा तेव्हा चौथा आठवडा चालू होता.

दुसरीकडेही एकदा दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टाची शेवटची ओळ वाचली आणि लगेच प्रिस्क्रिप्शन लिहायला घेतलं. टेस्टचं विचारलं तर म्हणाले, "नंतर बघू." मी कागद घडी करून खिशात ठेवला. हा माणूस बांधावर न जाता नकाशा काढणारा, असं माझ्या मनाने घेतलं. कदाचित अन्याय करत असेन, त्यांच्या बाहेर चाळीस माणसं बसली होती.

आता माझ्या डोक्यात घुसलेला किडा सांगतो. ७ / ५० एचपीएफ. एचपीएफ म्हणजे हाय पॉवर फील्ड, सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा गोल. पन्नास गोलांत सात पेशी. ठीक. पण एक गोल म्हणजे किती क्षेत्र? आमच्याकडे तेहतीस फुटी साखळी, तिचा वर्ग म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, हे बदलत नाही. कोणी "पन्नास शेतांत सात विहिरी" असं लिहून दिलं तर मी त्याला पहिलं विचारीन की शेतं केवढाली.

मुलीने शोधलं. तक्ता करणाऱ्यांचे पन्नास गोल मिळून पाच चौरस मिलिमीटर भरतात. त्यांचे सूक्ष्मदर्शक जुने, गोल लहान. आजकालच्या भिंगांतून दिसणारा गोल त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही मोठा असतो. म्हणून हल्ली गोल मोजू नका, पाच चौरस मिलिमीटर मोजा असं सांगतात. माझ्या रिपोर्टात क्षेत्रफळ कुठेच नव्हतं.

मी लॅबला फोन लावला. तीन वेळा कोणी तरी "रिपोर्ट बरोबर आहे सर" म्हणून ठेवून दिला. चौथ्यांदा खुद्द पॅथॉलॉजिस्ट बाईच लाइनवर आल्या. आवाजावरून तरुण. मी विचारलं, "मॅडम, तुमच्या मायक्रोस्कोपच्या फील्डचा व्यास किती?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मोजणीदार आहे. सर्व्हेवाला."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, थांबा, बघून सांगते. दोन मिनिटांनी सांगितलं, ०.५५ मिलिमीटर. मी वर्तमानपत्राच्या कडेला लिहीत होतो. पाय आर वर्ग. ०.२३७६. गुणिले पन्नास, ११.८८.

"म्हणजे पाचाऐवजी जवळजवळ बारा चौरस मिलिमीटरमध्ये सात," मी म्हणालो.

"बरोबर. एकवीस फील्ड पुरेशी होती." त्या थांबल्या. "पण काका, त्याला नुसतं भागू नका. या पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. जिथे दाट असतात तिथे जाऊन मोजायचं असतं. भागाकार करून तीन येतील, पण दाट जागी मोजले तर पाच भरतील, सहाही भरतील. पुन्हाच मोजायला हवं."

चूक त्यांच्या लॅबची होती आणि तरी त्या बाईंबद्दल मला आदर वाटला. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्लाइड आणि ब्लॉक स्वतः काढून ठेवले. ब्लॉक म्हणजे मेणाची वडी, पाठीमागे प्लॅस्टिकची जाळी, कडेला पेन्सिलने नंबर. मेणात अंगठ्याच्या नखाएवढा राखाडी-तपकिरी तुकडा. तो मी. हातात घेऊन उजेडाकडे धरला. साबणाच्या वडीत अडकलेल्या किड्यासारखं दिसत होतं. "उन्हात ठेवू नका, वितळेल," त्या म्हणाल्या. चार ब्लॉक आणि नऊ स्लाइड मी हातरुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातले, वर रिकामा डबा ठेवला, आणि सकाळची गर्दी टाळून स्लो लोकलने परळला गेलो. घाटकोपरला एकाने पिशवीवर बॅग टेकवली तर त्याच्यावर मी असा ओरडलो की तो घाबरलाच.

टाटाच्या रांगांबद्दल लिहीत नाही. ज्याने पाहिल्यात त्याला सांगायला नको, आणि ज्याने पाहिल्या नाहीत त्याला पाहायला लागू नयेत. फाइल निघाली, ब्लॉक जमा झाले, काही दिवसांनी रिव्ह्यू रिपोर्ट आला.

मायटोसिस ४ / ५ चौ. मिमी. बाकी सगळं तेच. खाली, मॉडरेट रिस्क.

नौपाड्याच्या तक्त्यात मी बोट खालच्या ओळीवरून वरच्या ओळीवर नेलं. तीच गाठ, तोच आकार, मायटोसिस पाचाच्या आत. ८५च्या जागी २४. त्याच ओळीत शेजारी जठराचा रकाना होता. हीच गाठ जठरात असती तर ३.६. रेडी रेकनरसारखंच की. प्लॉट तेवढाच, पण घोडबंदर रोडला एक भाव आणि शहापूरला दुसरा.

बायकोने त्या रात्री शिरा केला. मीही आनंदात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना लक्षात आलं की आपण आगीतून निघून फुफाट्यात आलोय. ८५ टक्क्यांना विचार करायचा नव्हता. गोळी गिळायची आणि कामाला लागायचं. २४ टक्क्यांचं काय करायचं? शंभरातले ७६ जण काही न घेता ठणठणीत राहणार. मी त्या ७६मध्ये असेन तर तीन वर्षं, म्हणजे एक हजार पंचाण्णव गोळ्या, फुकट गिळणार. आणि उरलेल्या २४मध्ये असेन तर?

मॅडम म्हणाल्या, "आता तुमच्यावर आलं. हाय रिस्कला आम्ही सांगतो, लो रिस्कला नको म्हणतो. मधल्यांशी बसून बोलतो."

आणि खरंच बोलल्या, पाऊण तास. अभ्यासाचे आकडे काढले. स्कँडिनेव्हियातले देश आणि जर्मनी यांनी मिळून केलेला, ४०० रुग्णांचा, २०१२ साली छापलेला. निम्म्यांना एक वर्ष गोळी, निम्म्यांना तीन वर्षं. पाच वर्षांनी आजार परतलेला नाही असे एक वर्षवाल्यांत ४७.९ टक्के, तीन वर्षवाल्यांत ६५.६. हयात असलेले ८१.७ आणि ९२. "पण," त्यांनी पेन्सिलने त्या कागदावर गोल केला, "हे सगळे हाय रिस्क होते. तुम्ही आता यांच्यात बसत नाही. तुमच्यासारख्यांचा फायदा याच्यावरून अंदाजानेच काढायचा."

मग त्यांनी लॅपटॉप फिरवला आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. पडद्यावर समोच्च रेषांचा नकाशा होता. फिनलंडच्याच डॉक्टरांनी केलेला. एका बाजूला गाठीचा आकार, दुसऱ्या बाजूला मायटोसिस, आणि धोका डोंगरासारखा रंगांनी चढत गेलेला. जठराचा नकाशा वेगळा, आतड्याचा वेगळा, फुटलेल्या गाठींचा आणखी वेगळा. आयुष्यभर असले नकाशे पाहिलेत. मला पहिल्यांदा माझा आजार नीट दिसला. तक्त्यात पाच आणि सहामध्ये कडा असते, इकडे २४ आणि तिकडे ८५. नकाशात कडा नव्हती, उतार होता. सहा मायटोसिसवाला काही दरीच्या पलीकडे राहत नाही. माझा बिंदू ना पायथ्याशी होता ना माथ्यावर. मधल्या चढावर कुठे तरी, दोन रंगांच्या सीमेजवळ. एखादी पेशी इकडची तिकडे मोजली गेली तर बिंदू किती सरकतो तेही बोटाने दिसत होतं.

आमच्या कामात लोकांना एक गोष्ट सांगून सांगून घसा बसतो. मोजणी हद्द दाखवते, मालकी ठरवत नाही. मालकीचं कोर्टात बघा. मॅडमच्या समोर बसून मला माझंच वाक्य ऐकू येत होतं.

आत्तापर्यंत गप्प बसलेली बायको म्हणाली, "गोळी बंद केल्यावर काय?"

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "चालू असते तोवर बहुतेकांच्यात आजार दबून राहतो. बंद केल्यावर काहींच्यात वर येतो, पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त. कुणाचा कायमचा जातो आणि कुणाचा फक्त लांबणीवर पडतो, हे आम्हाला आधी ओळखता येत नाही. म्हणून पाच-सहा वर्षं देऊन बघण्याचेही अभ्यास झालेत."

हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी दोन महिने क्षेत्रफळ काढत बसलो होतो.

म्युटेशनचा रिपोर्ट यायचा होता. ऑपरेशनला नऊ आठवडे झाले होते. त्या दिवसांत सल्ल्यांना तोटा नव्हता. भावाने एका वैद्याचा काढा आणला. मी मुलीकडे बघितलं, ती म्हणाली, "बाबा, त्यात काय आहे ते लिहिलेलं नाही, आणि इमॅटिनिब लिव्हरमधून जातं." बाटली फ्रिजवर राहिली. ऑफिसातला मित्र म्हणाला, "घेऊन टाक रे, गोळीच तर आहे." मेहुणी म्हणाली, "चांगलं आहे तर कशाला विषाची परीक्षा?" दोघंही मायेने बोलत होते, आणि दोघांच्याही बोलण्यात माझ्या रोजच्या दिवसाचा पत्ता नव्हता. माझं काम उन्हातलं. शहापूरच्या, मुरबाडच्या शेतात दिवस जातो. या गोळीने जुलाब होतात, तर शेतात संडास कुठून आणणार? पायात गोळे येतात, तर बांधावरून चालणार कसा? अंगावर सूज, डोळ्यांभोवती विशेष. हे सगळं तीन वर्षं, आणि तेही कदाचित विनाकारण.

एका रात्री झोप येईना म्हणून ग्राफच्या कागदावर माझ्या प्रकरणाची चतुःसीमा लिहिली, खरेदीखतात लिहितात तशी. पूर्वेस: २४ टक्के. पश्चिमेस: जुलाब, सूज, नोकरीची चार वर्षं. दक्षिणेस: गोळी बंद केल्यावर काय ते माहीत नाही. उत्तरेस रिकामं सोडलं, कारण म्युटेशन यायचं होतं. सकाळी बायकोने तो कागद ओट्यावर वाचला. "उत्तरेला माझं नाव घाला," म्हणाली. "तुम्ही नाही घेतलीत, तर दर सीटीच्या आधी महिनाभर या घरात कोण झोपणार आहे?"

पैशाची हद्द मी घातली नव्हती, कारण ती आता फार पुढे सरकलीय. मूळ कंपनीची गोळी एके काळी महिन्याला लाख-सव्वा लाखाला पडायची, इथली जेनेरिक आठ-दहा हजारांना. त्या कंपनीला भारतात पेटंट द्यायचं की नाही यावर वर्षानुवर्षं खटला चालला आणि १ एप्रिल २०१३ला सुप्रीम कोर्टाने नाही म्हणून निकाल दिला. जुन्याच औषधाचं नवं स्फटिकरूप, तेवढ्याने नवा शोध होत नाही, असं. मुलीला हे कॉलेजात कलम ३ (डी) म्हणून पाठ करायला लागलं होतं. ती म्हणाली, "बाबा, परीक्षेत पाच मार्कांना होतं हे." आता जेनेरिकच्या किमती आणखी उतरल्यात. फक्त पाकिटावरची एमआरपी बघून घाबरू नका, दोन-तीन ठिकाणी विचारा. एकाच गोळीच्या भावात मला दुकानागणिक एवढा फरक दिसला की सातबारा तपासावासा वाटला. सरकारी नोकर म्हणून बिलं प्रतिपूर्तीला लावलीत. ती कोणत्या टेबलावर आहेत ते मी रोज विचारतो.

दहाव्या आठवड्यात म्युटेशन आलं. किट जनुक, एक्सॉन ११, ५५७-५५८ डिलीशन. मॅडम फोनवर बोलल्या. त्या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनाच्या माळेतले दोन मणी गळून पडलेत. गोळी ज्यावर चालत नाही तो प्रकार हा नाही, हा गोळीचं चांगलं ऐकतो. पण ज्यांच्यात नेमके हे दोन गळलेले असतात, त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण इतरांहून जास्त दिसलंय.

"म्हणजे चोवीसचे किती झाले?" मी विचारलं.

"तसा आकडा मी तुम्हाला देणार नाही. दिला तर तुम्ही त्याचं क्षेत्रफळ काढत बसाल."

ग्राफच्या कागदावर उत्तरेस ५५७-५५८ लिहिलं, आणि त्याखाली बायकोचं नाव. मग ठरवायला फारसं उरलं नाही. मॅडमना सांगितलं, घेतो. त्यांनी एक पळवाट मात्र लिहून दिली, तोंडी नाही, केसपेपरवर: तीन महिन्यांनी पुन्हा बोलायचं, झेपत नसेल तर थांबवायचा विचार करू. त्या ओळीमुळे मला पहिली गोळी गिळता आली.

पहिली गोळी अकराव्या आठवड्यातल्या रविवारी, जेवणानंतर, मोठ्या तांब्याभर पाण्याबरोबर. लगेच आडवं व्हायचं नाही. तिसऱ्या दिवशी शहाणपणा केला, नुसत्या चहा-खारीवर घेतली आणि सगळी मोरीत गेली. तेव्हापासून पोटभर जेवूनच. पपनस बंद, डोकं दुखलं म्हणून मनाने कोणतीही गोळी बंद, दर महिन्याला रक्त. जुलाबांची मी धास्ती घेतली होती ते फारसे झालेच नाहीत. गोळे मात्र येतात, पहाटे तीन-चारला, पोटरीत, असे की उठून भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. आणि सकाळी डोळे. पापण्या पाण्याने भरलेल्या, जिलबीसारख्या. अकरा-साडेअकरापर्यंत उतरतात. तीन महिन्यांची भेट झाली, केसपेपरवरची ती पळवाट वापरली नाही.

गेल्या महिन्यात मुरबाडकडे एका गावात मोजणी होती. दोन चुलत भाऊ, मध्ये एक बांध आणि एक आंबा. सकाळी साडेआठला रोव्हर लावला. बांध थोरल्याच्या बाजूने निघाला, आंबा त्याच्याकडे गेला. धाकटा माझ्याकडे बघत राहिला आणि मग जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेबांची रात्रीची उतरलेली नाही. डोळे बघा." मी काही बोललो नाही. पंच हसले.

आठवड्याने त्याचा निमताना अर्ज आला. कारणांत तिसऱ्या क्रमांकावर, मोजणीदार दारूच्या अंमलाखाली होता, त्याचे डोळे सुजलेले होते. वरिष्ठांनी खुलासा मागितला. मी लिहिलं की डोळे सुजलेले होते हे बरोबर आहे, आणि सोबत मॅडमचं सर्टिफिकेट जोडलं. निमतानाची तारीख १८ लागलीय. माझा सीटी १६ला आहे.